दोन्ही नावांनी सही

सोमवार, ७ जुलै. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, भोसरीच्या लांडेवाडी चौकात कंपनीच्या बसची वाट पाहत असताना, निवेदिता गराडे हिला निवड झाल्याची मेल आली. व्हिएतनाममधल्या एका लहान शहरातलं खासगी विद्यापीठ, इंग्रजी विभाग, व्याख्याता, दोन वर्षांचा करार. शेवटी एक ओळ होती: निवड कागदपत्रांच्या पडताळणीवर अवलंबून राहील, मुदत २८ जुलै. तिने मेल दोनदा वाचली आणि फोन पर्समध्ये टाकला. मोशी गेल्यावर पुन्हा काढला. मेल होती.

निवेदिता बेचाळीस वर्षांची आहे. आठवड्यातून तीन दिवस सकाळी ती चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात कामगारांना इंग्रजी बोलायला शिकवते. दुपारी भोसरीतल्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचेच पैसे, सुट्टीत काही नाही, आणि एप्रिलमध्ये नोकरी आपोआप संपते. सोळा वर्षं ती दर जुलैत नव्याने नोकरीला लागते. नवरा मुकुंद २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडने गेला. मुलगी अनुया सतरा वर्षांची, पॉलिटेक्निकला आहे. दोघी एका खोलीत भाड्याने राहतात.

एम.ए.ला तिला साडेत्रेपन्न टक्के मिळाले. नेट-सेटला बसायला पंचावन्न लागतात. पीएचडीच्या प्रवेशालाही पंचावन्न. शेवटचे दोन पेपर लग्नानंतर अकराव्या आणि तेराव्या दिवशी होते. दीड टक्का तिथे गेला, आणि त्यानंतर कायमची नोकरी मिळण्याचा इथला कुठलाही रस्ता तिच्यासाठी उघडा राहिला नाही. म्हणून अडीच वर्षांपूर्वी तिने बाहेरच्या विद्यापीठांना अर्ज करायला सुरुवात केली. जपान आणि कोरियाच्या जाहिरातींत इंग्रजी मातृभाषा असलेल्या सात देशांची यादी असायची. पासपोर्ट त्यांतल्या एखाद्याचा हवा. आखातात पीएचडी हवी होती. एका ठिकाणी मुलाखत चांगली झाली, आणि शेवटी विचारलं की तुमची मातृभाषा इंग्रजी आहे असं लिहून द्याल का. तिने नाही म्हटलं. व्हिएतनामचा अर्ज एकसष्टावा होता. तिथे एम.ए. पुरेसं होतं, श्रेणीची अट नव्हती. ऑनलाइन प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, अनुभव, आणि एका वर्गाचा व्हिडिओ मागितला होता.

व्हिडिओ चाकणच्या ट्रेनिंग रूममध्ये काढला होता. विषय होता शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला काम कसं समजावून द्यायचं. लातूरकडचा समाधान नावाचा ऑपरेटर उभा राहून म्हणाला होता, "गुड मॉर्निंग. मशीन इज सिक. नाइट शिफ्ट डिड नॉट टेल. नाऊ आय टेल." सगळे हसले, तोही हसला, आणि पुढची चार वाक्यं न अडखळता बोलला. मुलाखतीत विभागप्रमुख डॉ. थू म्हणाल्या होत्या, "तुमचे विद्यार्थी बोलतात. आमचे गप्प बसतात. मला एवढंच पाहिजे."

त्या सोमवारी वर्ग संपल्यावर तिने बातमी सांगितली. बारा जणांनी टाळ्या वाजवल्या.

"खरंच जायलाव का मॅडम?" समाधानने विचारलं.

"कागद झाले तर."

"मग आमचं काय? आमचं तर आत्ता कुठं 'आय टेल' झालंय."

"पुढच्या मॅडम घेतील."

"पुढच्या मॅडम पहिल्यापासून ए फॉर ॲपल घेत्यात बघा," मागून कोणीतरी म्हणालं.

दुपारी स्टाफरूममध्ये तिने ज्ञानेशला सांगितलं. ज्ञानेश वाणिज्य शिकवतो, तोही तासिकेवर, नऊ वर्षं.

"विद्यापीठ म्हणजे खरंखुरं ना मॅडम? इमारत वगैरे? नाहीतर तिकडे नोकरी म्हणून नेतात, कोंडून ठेवतात आणि लोकांना फसवायचे फोन करायला लावतात."

"नकाशावर पाहिलंय. गेटसमोर नारळवाला बसतो."

"नारळवाला असेल तर खरं आहे," ज्ञानेश म्हणाला. "आणि मस्टर? तिथे आपल्यासारख्यांचं मस्टर वेगळं ठेवतात की सगळ्यांबरोबर सही?"

"विचारलं नाही."

"तेच पहिलं विचारायचं, राव."

तिने त्याच संध्याकाळी पासपोर्ट आणि पदवीच्या प्रती पाठवल्या. गुरुवारी उत्तर आलं. ते डॉ. थूंचं नव्हतं, मनुष्यबळ विभागाचं होतं. पासपोर्ट निवेदिता मुकुंद गराडे या नावाचा आहे. पदवी प्रमाणपत्र रुपाली रंगराव शेळके या नावाचं आहे. अर्जातल्या प्रश्न क्रमांक अकराला, म्हणजे 'आपण यापूर्वी दुसरं कोणतं नाव वापरलं आहे का' याला, आपण 'नाही' असं उत्तर दिलं आहे. रुपाली रंगराव शेळके कोण आहेत? त्यांची पदवी आपल्याकडे कशी आली? शासकीय कागदासह खुलासा करावा.

अनुयाने मेल वाचली आणि फोन परत दिला.

"आई, 'नाही' का लिहिलंस?"

"दुसरं नाव कुठे वापरलंय मी?"

"अगं, रुपाली!"

"ते माहेरचं. ते का दुसरं नाव झालं?"

"त्यांना काय माहीत माहेरचं?"

निवेदिताने अर्ज उघडून प्रश्न अकरा पुन्हा पाहिला. दुसरं नाव वापरणं म्हणजे कुठेतरी लपवाछपवी, असंच तिने प्रश्न वाचताना धरलं होतं. तिच्या आईचं नाव लग्नात बदललं होतं, आत्याचं बदललं होतं. खोलीच्या मालकीणबाईंचं माहेरचं नाव काय ते तिला माहीतही नव्हतं.

तिचं बदललं त्याचं कारण साधं होतं. २००६च्या एप्रिलमध्ये ती दापोडीच्या गराड्यांकडे लग्न होऊन आली तेव्हा त्या घरात एक रुपाली आधीच होती: थोरल्या दिरांची, विलास यांची बायको. ताटात तांदूळ पसरले, मुकुंदच्या हातात अंगठी दिली, आणि सासूबाई यशोदाबाई म्हणाल्या, "दोन रुपाल्या एका घरात कशा? हाक मारली की दोघी यायच्या." मुकुंदने आधीच ठरवून ठेवलं होतं. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या एका बाईंचं नाव त्याला आवडायचं. त्याने तांदळात 'निवेदिता' लिहिलं, सगळ्यांनी पेढा खाल्ला. पुढे रेशनकार्डापासून बँकेपर्यंत तेच नाव लागलं. २०१८ साली पासपोर्ट काढला तोही रेशनकार्ड आणि आधारवर.

लग्नाची नोंदणी केली नव्हती. शुक्रवारी ती क्षेत्रीय कार्यालयात गेली. खिडकीतल्या बाईंनी यादी दिली: पत्रिका, फोटो, तीन साक्षीदार, आणि वधू-वर दोघंही हजर.

"मिस्टर वारले माझे."

बाईंनी मान वर केली. "मग नोंदणी कशी होणार, मॅडम?" त्या दुखवायला म्हणाल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

पिंपरी कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या हिंदुराव वकिलांनी कागद पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला.

"तुम्ही एकच बाई आहात हे मला दिसतंय. सरकारला दिसत नाही."

"काय करायचं मग?"

"राजपत्रात नाव बदलल्याचं छापून आणायचं. लग्नाचा दाखला नाही, म्हणून सासरच्या कोणाचं तरी प्रतिज्ञापत्र जोडू. रक्ताचा माणूस पाहिजे. दीर आहे?"

"आहेत."

"संबंध?"

"बोलणं नाही फारसं."

"मग बोला," हिंदुराव म्हणाले आणि टाइप करायला घेतलं.

रविवारी सकाळी ती दापोडीला गेली. रेल्वेलाइनला लागून असलेल्या आळीत गराड्यांचं दोन मजली घर आहे. मुकुंद असताना वरची खोली त्यांची होती. तो गेल्यावर वर्षभराने विलासने वर भाडेकरू ठेवायचं काढलं, रोजची धुसफूस झाली, आणि निवेदिता अनुयाला घेऊन भोसरीला आली. घर अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. ते जाऊन बारा वर्षं झाली, वारसनोंद कोणी केलेली नाही.

थोरल्या जावेने दार उघडलं. "ये गं. अनुया नाही आली?"

"सबमिशन आहे तिचं."

यशोदाबाई कॉटवर बसल्या होत्या. त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. "वाळलीस पोरी. जेवती का न्हाई?"

विलासने कागद वाचायला घेतला. सावकाश वाचला. मी, विलास हिंगणाजी गराडे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की रुपाली रंगराव शेळके व निवेदिता मुकुंद गराडे ही एकच व्यक्ती असून ती माझा मयत धाकटा भाऊ मुकुंद याची कायदेशीर पत्नी आहे.

"कायदेशीर पत्नी," तो म्हणाला. "हे कशाला घातलंय?"

"वकिलांनी लिहिलंय, दादा. त्याशिवाय नाव बदलल्याचं कारण दिसत नाही."

"नाव बदललं एवढंच लिहायचं."

"का बदललं ते लिहावं लागतं."

विलासने कागद घडी घालून टीपॉयवर ठेवला. "हे बघ, मी आडवं बोलत नाही. आळीतली चार घरं मिळून बिल्डरकडं जायचं चाललंय. उद्या वारसाचा विषय निघाला आणि तू हाच कागद पुढं केलास, माझ्याच सहीचा, तर?"

"मी नोकरीसाठी मागतेय."

"आज नोकरीसाठी."

"अहो, ती मुकुंदभाऊजींची बायको आहे हे सगळ्या आळीला माहीत आहे," जाऊ स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "कागदावर आल्यानं काय नवीन होणारे?"

"तू चहा टाक."

"टाकलाय. उकळतोय. तुमच्यासारखाच."

यशोदाबाईंना थोडं उशिरा कळलं. "कशाचा कागद रं?"

"नावाचा, आई," निवेदिता म्हणाली. "तुम्ही माझं नाव बदललंत ना लग्नात, त्याचा."

"व्हय, बदाललं की. त्यात काय झालं? त्यांना म्हनावं, सासूनं बदाललं. मी येती सांगाय."

कोणी हसलं नाही. विलास उठला, कपाटातून वही आणली, मधलं पान फाडलं. "मी सही करतो. आत्ता करतो. तूही एक लिहून दे. या घरात तुझा आणि अनुयाचा कसलाच हक्क नाही, पुढे मागणार नाही."

पंखा चालू होता. जावेने चहाचे कप आणून ठेवले आणि तिथेच उभी राहिली.

"माझं लिहून देते," निवेदिता म्हणाली. "अनुयाचं नाही."

"डिसेंबरात अठराची होईल ती. मग तिनं केलं तर?"

"ते तिला विचारा. तिच्या बापाचं घर आहे."

"मग राहू दे."

"राहू दे तर राहू दे." तिने प्रतिज्ञापत्र उचललं, पर्समध्ये ठेवलं आणि चप्पल घातली. दारापर्यंत गेली. २८ तारखेला पंधरा दिवस उरले होते, आणि विलासखेरीज रक्ताचा दुसरा माणूस नव्हता. यशोदाबाईंना सही येत नव्हती, आणि अंगठ्याच्या कागदावर परदेशातले लोक आणखी शंका काढतील असं वकिलांनी आधीच सांगितलं होतं.

"बास करा आता," जाऊ नवऱ्याला म्हणाली. आवाज चढवला नाही. "एक देतीये ते घ्या. नाहीतर मी वर जाऊन भाडेकरूला सांगते खोली कुणाची आहे ते."

विलासने कप बाजूला सरकवला. "बरं," तो म्हणाला. "तुझं तरी लिही."

निवेदिता परत आत आली, खाली बसली, पान टीपॉयवर ठेवून लिहिलं. तीन ओळी. खाली निवेदिता मुकुंद गराडे अशी सही केली.

विलासने पान पाहिलं आणि परत दिलं. "दोन्ही नावांनी कर."

"काय?"

"दोन्ही नावांनी सही कर. रुपाली शेळके पण. उद्या म्हणशील ती सही माझी नव्हतीच. मला दोन्ही पाहिजेत."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. क्षेत्रीय कार्यालय, सरकार, परदेशातला मनुष्यबळ विभाग, या सगळ्यांना जे पटवायला ती धडपडत होती ते या माणसाने न विचारता धरून चाललं होतं.

रुपाली शेळके अशी सही तिने एम.ए.च्या शेवटच्या पेपरनंतर केली नव्हती. 'शे'ची मात्रा लांब ओढायची सवय होती, ती हाताला अजून आठवत होती. तिने सही केली. मग विलासने प्रतिज्ञापत्रावर केली, तारीख घातली, दुसऱ्या दिवशी नोटरीसमोर यायचंही कबूल केलं. आला. वेळेवर आला.

निघताना यशोदाबाईंनी तिचा हात धरून ठेवला. "माजंच चुकलं," त्या म्हणाल्या. "थोरलीचं बदालायचं हुतं."

हिंदुरावांना तिने वहीच्या पानाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "कायद्यात त्याला तसा अर्थ नाही. पण भाऊबंदकीत असे कागद चाळीस वर्षं चालतात."

विद्यापीठाने आणखी एक कागद मागितला होता: सध्याच्या संस्थेचा कार्यमुक्तीचा दाखला. प्राचार्य पद्मजा देव यांनी तिला समोर बसवलं.

"कार्यमुक्त कशातून करू? एप्रिलपासून तू कागदावर आमच्याकडे नाहीसच."

"त्यांना काहीतरी लेखी हवंय, मॅडम."

"यंदा अर्ज करणार नाही असं तू लेखी दे. त्याच्या आधारावर देते. पण मग तुझे तास मला दुसऱ्या कोणाला द्यावे लागतील, हे समजून दे. नंतर आलीस तर माझ्या हातात काही नसेल."

निवेदिताने बाहेर बाकावर बसून अर्ज लिहिला. २४ जुलैला दाखला मिळाला. डॉ. थूंनी कागदांची मुदत १५ ऑगस्टपर्यंत वाढवून घेतली.

राजपत्रात नाव ७ ऑगस्टला छापून आलं. जुनं नाव, नवं नाव, कारण: विवाह. तिने त्याच दिवशी प्रत पाठवली. ज्ञानेश त्याबद्दल पेढा मागत होता. तिने सांगितलं, व्हिसा आल्यावर.

१३ ऑगस्टला मनुष्यबळ विभागाचं उत्तर आलं. राजपत्रानुसार आपलं नाव या वर्षी ७ ऑगस्टला निवेदिता झालं आहे. आपला पासपोर्ट याच नावाने २०१८ मध्ये दिला गेला आहे. अनुभवाची पत्रं २००९ पासून याच नावाची आहेत. मधल्या काळात आपण कोणत्या अधिकाराने हे नाव वापरत होता? तसंच प्रश्न क्रमांक अकराचं उत्तर चुकीचं का दिलं, याचा स्वतंत्र खुलासा करावा. चुकीची माहिती देणं हे निवड रद्द होण्याचं कारण ठरू शकतं.

तिने खुलाशाचे सात मसुदे केले. पहिला चार पानी होता. त्यात ताट होतं, तांदूळ होते, थोरली जाऊ होती. अनुयाने वाचून म्हटलं, "आई, त्यांना वाटेल तू गोष्ट लिहितेयस." सातवा मसुदा चार वाक्यांचा होता. आमच्याकडे लग्नात स्त्रीचं नाव बदलण्याची पद्धत आहे. त्याला आम्ही दुसरं नाव मानत नाही, म्हणून मी 'नाही' असं उत्तर दिलं. पदवी माझी आहे. हवं तर कोणत्याही विषयावर आत्ता परीक्षा घ्यावी.

शेवटचं वाक्य काढावं, असं अनुयाचं म्हणणं होतं. निवेदिताने ते ठेवलं. पत्र १५ ऑगस्टला दुपारी पाठवलं.

महाविद्यालयात इंग्रजीचे तास आता श्रद्धा नावाच्या नव्या मुलीकडे आहेत. तिला एम.ए.ला एकसष्ट टक्के आहेत. तिने फोन करून निवेदिताकडे जुन्या नोट्स मागितल्या. निवेदिताने अनुयाच्या हाती पाठवल्या. चाकणचा करार ३० सप्टेंबरपर्यंत आहे. कंपनीने पुढचं काही कळवलेलं नाही.

५ सप्टेंबरला डॉ. थूंचा फोनवर संदेश आला. विषय अजून वरच्या कार्यालयात आहे, मी दोनदा विचारलं, सत्र सुरू होत असल्याने वर्ग तात्पुरता एका सहकाऱ्याकडे दिला आहे, आपण धीर धरावा. 'तात्पुरता' हा शब्द त्यांनी दोन वेळा लिहिला होता.

८ सप्टेंबर, सोमवार. तिकडे पहिला तास सकाळी साडेसातला होता, म्हणजे इकडे सहा. त्या सोमवारी चाकणला सुट्टी होती. निवेदिता उठली होती, अनुयाचा डबा भरत होती. वेळापत्रक तिला जुलैतच पाठवलेलं होतं: प्रथम वर्ष, संभाषण कौशल्य, तिसरा मजला, अडतीस विद्यार्थी. सव्वासातला, म्हणजे तिकडे पावणेनऊला, तिने डब्याचं झाकण लावलं आणि विद्यापीठाचं अर्जांचं पोर्टल उघडलं.

तिच्या अर्जापुढे 'पडताळणी चालू' असं लिहिलेलं होतं. शेवटचा बदल २९ ऑगस्टचा, दुपारी चार वाजून बारा मिनिटांचा. गुरुवार, ११ सप्टेंबरपर्यंत त्यात फरक पडलेला नाही.